बक्षीस कोणाचे, मान कोणाचा?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टपालाने आणि ई-मेलने आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरणारी निघाली: एखाद्या कामाला कला म्हणायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो? त्यांपैकी पाच पत्रे थोडी आटोपती करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरचा गणपती आजोबांच्या काळापासून नागपूरच्या चितारओळीतील, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतील, एकाच घराण्याकडून येतो. मूर्ती पाहून येणारा-जाणारा हात जोडतो, पण त्या मूर्तिकाराचे नाव मी आजवर एकाही कलाप्रदर्शनाच्या पत्रिकेत वाचलेले नाही. दहा दिवसांनी पाण्यात जाणाऱ्या वस्तूला कलाकृती म्हणता येते का, आणि येत असेल, तर तिच्या कर्त्याला मान्यता का मिळत नाही? (एक वाचक, महाल)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. मूर्तिकाराच्या कामाला मान्यता नाही, असे म्हणता येणार नाही. मान्यता नाही ती त्याच्या नावाला. सणाच्या आधी काही आठवडे चितारओळीत फेरफटका मारला, तर कामाची पारख कशी चालते ते दिसते. गिऱ्हाईक विसार देताना ‘मागच्या वर्षीसारखीच नजर पाहिजे’ असे बजावून जाते. मूर्तिकारही बाकीचे सारे रंगकाम उरकल्यावर डोळ्यांची आखणी शेवटी करतो आणि ती सहसा नवख्या हातात देत नाही, कारण बुबुळ सूतभर जरी सरकले, तरी मूर्ती तिरळी दिसते आणि पुढच्या वर्षी ते घराणे शेजारच्या कारखान्याची पायरी चढते. पिढ्यान्पिढ्या तेच डोळे पाहत आलेल्या माणसांकडून होणारी ही परीक्षा कोणत्याही कलादालनातील परीक्षेपेक्षा कडक असते. तिचा निकाल फक्त छापून येत नाही.

नाव का मागे पडते, हे श्रद्धेच्या व्यवहारातून उमगते. प्राणप्रतिष्ठा झाली की समोर असतो तो गणपती, आणि तो कोणी घडवला ही चौकशी भाविकाला अप्रस्तुत वाटते. उलट संग्रहालय, कलादालन आणि लिलाव यांचा कारभार वस्तूचा टिकाऊपणा, तिच्यावरील सही आणि ती पुन्हा विकता येणे यांवर उभा असतो. विसर्जित होणारी, बिनसहीची आणि पुनर्विक्रीला न येणारी मूर्ती त्या कारभारात बसत नाही. तिच्यात काही उणे असते म्हणून ती बाहेर राहते, असे नाही.

आपल्याच नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याचे उदाहरण याहून टोकाचे आहे. पिवळी मारबत १८८५ पासून निघते आणि काळी त्याच्याही आधीपासून. बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग यांतून उभी राहणारी ती आकृती आणि तिच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे विडंबन-पुतळे, यांत व्यंगचित्रकाराची नजर, सांगाड्याचे गणित आणि गर्दीत लांबून ओळखू येईल असा चेहरा घडवण्याचे कसब असते. दर्शनाला रांग लागते, नवसही बोलले जातात, आणि ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत मिरवणुकीनंतर ती जाळली जाते. जाळायची नसती तर ती केलीच नसती. जतन करण्याच्या अटीवर कलेचे मोजमाप करणाऱ्याला येथे हात टेकावे लागतात.

श्रद्धा एखाद्या शिल्पाचे काय करते, हे पाहायचे असेल तर रामटेकला जावे. गडावरील केवल नरसिंहाचे मंदिर आणि वराहाची मूर्ती वाकाटककालीन, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. नरसिंहाची आजही पूजा होते, आणि वराहाच्या पोटाखालून जो सहज पार होईल तो निष्पाप, अशी जुनी समजूत आहे. तेथून काही किलोमीटरवर, मनसरला सापडलेली त्याच काळातील शिवमूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात चौथऱ्यावर आहे आणि भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंपरा एक, काळ जवळपास एक. एकीला नमस्कार मिळाला आणि दुसरीला टिपणी. कोणती अधिक भाग्यवान, याचा निवाडा मी करणार नाही, पण शिवमूर्तीकडे ‘शिल्प’ म्हणून पाहणे आपल्याला सोपे जाते ते तिच्यासमोर निरांजन नसते म्हणून, हे कबूल केले पाहिजे.

राहता राहिला नावाचा प्रश्न. मंडळांच्या पत्रकावर देणगीदार, प्रायोजक, माजी पदाधिकारी आणि ध्वनिक्षेपकवाला या सर्वांची नावे असतात, मूर्तिकाराचे नसते. ते छापायला कोणत्याही धर्मशास्त्राची आडकाठी नाही. त्यातच गणेशोत्सव स्पर्धांनी भलतीच दिशा दिली आहे: गुण देखाव्याला, रोषणाईला आणि सामाजिक संदेशाला मिळू लागल्यावर वर्गणीतील पैसा तिकडे वळतो आणि मूर्तीच्या किमतीत घासाघीस होते. स्पर्धेने मूर्तिकामाला स्वतंत्र गुण ठेवले, तर दोन-तीन वर्षांत त्याचे नावही फलकावर येईल, कारण बक्षीस घ्यायला कोणाला तरी बोलवावे लागेल.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ती तासन्‌तास झाडांची, पारावरच्या माणसांची रेखाचित्रे काढते. परंतु एकाही स्पर्धेत तिचा क्रमांक येत नाही. शिकवणीतील शिक्षक म्हणतात, पार्श्वभूमी रिकामी ठेवू नकोस, गडद रंग भर, संदेश दे. तिने चित्र बदलावे का? (एक पालक, प्रतापनगर)

उत्तर : शिक्षकांचा सल्ला स्पर्धेपुरता अचूक आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. आंतरशालेय स्पर्धांचे परीक्षण मी काही वेळा केले आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. शेकडो कागद सभागृहातील बाकांवर नाहीतर सतरंजीवर पसरलेले असतात, संध्याकाळी बक्षीस समारंभ असल्यामुळे आयोजक घड्याळाकडे पाहत असतात, आणि परीक्षक उभ्याउभ्या ओळींमधून चालत जातो. पहिल्या फेरीत एका चित्राच्या वाट्याला काही सेकंद येतात. त्या वेळात हलक्या हाताची पेन्सिल दिसतच नाही. दिसतो तो काठापर्यंत भरलेला कागद, काळी बाह्यरेषा, पृथ्वीला मिठी मारणारे हात आणि कोपऱ्यातले घोषवाक्य. परीक्षक पक्षपाती असतो असे क्वचितच घडते, पण पारावरचा पेंगणारा म्हातारा दिसण्यासाठी चित्रापुढे थांबावे लागते, आणि थांबायला त्याला सवड नसते.

म्हणून परीक्षा आणि स्पर्धा यांत फरक करावा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे ठरलेले विषय असतात आणि प्रत्येक मुलाचे काम एका ठरावीक पातळीशी ताडले जाते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुणही मिळतात. त्या गुणांसाठीच मुलांची झुंबड उडते हे खरे असले, तरी तिथे हात तयार होतो, आणि शेजारच्या मुलाचे चित्र अधिक भडक आहे म्हणून आपल्या मुलीची श्रेणी खाली येत नाही. स्पर्धेत मात्र त्या दिवशी तिथे कोण आले आणि आयोजकाला काय हवे होते, यावर निकाल ठरतो.

आयोजकाच्या गरजेचे एक नामी उदाहरण ऑलिंपिकमध्ये सापडते. १९१२ ते १९४८ या काळात चित्रकला, शिल्प, वास्तुकला, साहित्य आणि संगीत यांनाही ऑलिंपिक पदके दिली जात, मात्र विषय खेळाशी संबंधित असला पाहिजे, ही अट होती. पहिल्याच वर्षी साहित्याचे सुवर्णपदक टोपणनावाने कविता पाठवणाऱ्या पिअर द कुबर्तँ यांना मिळाले, म्हणजे आधुनिक ऑलिंपिकच्या जनकालाच. १९२४ मध्ये संगीताच्या परीक्षक मंडळावर स्ट्राविन्स्की आणि रॅव्हेल यांच्यासारखे दिग्गज संगीतकार होते, तरी त्यांनी एकही पदक दिले नाही. पुढे हा विभाग बंद पडला आणि त्यातील बहुतेक पदकविजेत्यांची नावे आज कलेच्या इतिहासातही सापडत नाहीत. अटीत बसणारी कला अटीपुरतीच उरते, याला हे चाळीसेक वर्षांचे ऑलिंपिकही अपवाद ठरले नाही.

याचा अर्थ पदके कुचकामी असतात असा नाही. सय्यद हैदर रझा मंडला परिसरातून आले, १९३९ ते १९४३ या काळात आपल्या नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या पदकांनी त्यांना तिथल्या वर्तुळात जागा मिळवून दिली. १९५६ मध्ये पॅरिसमधील समीक्षकांचा पुरस्कारही त्यांना मिळाला. पण आज ज्या बिंदूवरून शाळकरी मूलही रझा ओळखते, तो त्यांच्या कॅनव्हासवर ठाण मांडून बसला तो त्यानंतर दोन-अडीच दशकांनी. पुरस्कार मिळाला तेव्हा ते निसर्गदृश्ये रंगवत होते. तीच पुरस्कारयोग्य शैली त्यांनी जन्मभर जपली असती, तर आपण त्यांची आठवण काढली असती का, याची मला शंका आहे.

मुलीला स्पर्धेत जरूर पाठवा, वर्षातून एक-दोनदा. तिची रेखाटनवही मात्र शिकवणीच्या शिक्षकांना सुधारायला देऊ नका.

प्रश्न : मी मूळचा देसाईगंज वडसा भागातला. कार्यालयातील सहकारी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, नाटकांना ‘भडक’ म्हणून नाक मुरडत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि तेच सहकारी माझे अभिनंदन करू लागले. नाटक तर तेच आहे. आणि आमच्या नाट्यमंडळांची नावे राज्य नाट्य स्पर्धेत का दिसत नाहीत? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : सहकाऱ्यांवर रागावू नका. बहुतेक माणसे नाटक पाहून मत बनवत नाहीत. कोणाचे मत आदराचे आहे, ते पाहून बनवतात, आणि दिल्लीने मान डोलावल्यावर त्यांना मान डोलवायला मोकळीक मिळाली. यात एक भाग चांगलाही आहे: पद्म पुरस्कारांसाठी २०१६ पासून कोणाही नागरिकाला ऑनलाइन शिफारस करता येते, त्यामुळे राजधानीच्या वर्तुळाबाहेरची नावे पुढे येण्याची वाट थोडी रुंदावली आहे. (जाता जाता: पद्मश्री हा किताब नाही, तो नावाच्या आधी किंवा नंतर लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. आपल्याकडच्या फलकांना ते अजून कळलेले नाही.)

‘भडक’ या शेऱ्याकडे मात्र नीट पाहायला हवे. झाडीपट्टीचे नाटक दिवाळीनंतरच्या हंगामात, शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडईच्या (गावजत्रेच्या) निमित्ताने, धान निघाल्यावर हातात थोडा पैसा आलेल्या गावात होते. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि उजाडायला येते तेव्हा खाली पडतो. मंडपात लहान लेकरापासून आजीपर्यंत सगळे घर बसलेले असते. मागच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसत नाही, मध्येच आजीचा डोळा लागतो, आणि जागी झाल्यावर तिला कथा पुन्हा धरता आली पाहिजे. अशा ठिकाणी नट स्वर चढवतो, हातवारे मोठे करतो, दुःखाच्या प्रसंगाला गाणे जोडतो आणि विनोदी पात्राला पुन्हा पुन्हा आत आणतो. हा अभिनय त्या मंडपाच्या मापाने बेतलेला आहे. तोच नट लहान नाट्यगृहात तसाच उभा केला तर तो आरडाओरडा वाटेल, आणि नाट्यगृहातला दबक्या आवाजाचा नट मंडपात उभा केला तर पब्लिक पहाटेची वाट न पाहता घरी जाईल.

राज्य नाट्य स्पर्धा १९५० च्या दशकापासून दुसऱ्याच गरजेतून वाढली. हौशी संस्थांना रंगमंच मिळावा आणि नवे लेखन व्हावे, हा तिचा उद्देश, आणि विदर्भातील कित्येक नाटकवाल्यांना तिने घडवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिच्या चौकटीत वेळेची मर्यादा आहे, संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, प्रयोग सायंटिफिक सभागृहासारख्या बंदिस्त नाट्यगृहात होतो, आणि दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा असे तुकडे पाडून गुण दिले जातात. शिवाय ती हौशी संस्थांसाठी आहे आणि झाडीपट्टीची मंडळे तिकीट लावून पोट भरणारी व्यावसायिक मंडळे आहेत. ती तिथे दिसत नाहीत ती नियमामुळे. त्यात अवहेलना शोधण्याचे कारण नाही.

मात्र समाजाची मान्यता नेहमी शहाणी असते, असा समज करून घेऊ नये. तिकीटबारीच्या धाकाने झाडीपट्टीत अलीकडे कथेशी संबंध नसलेली नृत्ये घुसली आहेत, आणि ती काढा म्हटले की निर्माता ‘पब्लिकला हेच पाहिजे’ असे सांगतो. दंडार या जुन्या लोकनाट्यापासून चालत आलेली गायकी आणि झाडीबोलीतली तिरकस संवादफेक त्या गोंगाटात आक्रसते आहे. परीक्षकाच्या गुणपत्रिकेने जसे नाटक एका साच्यात बसते, तसे ते शिट्ट्यांनीही बसते. पद्मश्रीने हे थांबणार नाही. हंगामात एखाद्या गावाच्या समितीने नृत्यांशिवाय नाटक ठरवले आणि मंडप भरला, तर थांबेल.

प्रश्न : आमच्या वस्तीतील एक गायक अनेक वर्षे भीमगीते गातो; दीक्षाभूमीवर जमणाऱ्या लोकांत त्याची गाणी तोंडपाठ असलेले पुष्कळ आहेत. एका लोकसंगीत स्पर्धेत ‘हे प्रचारगीत आहे, लोकगीत नव्हे’ असे सांगून त्याला बाद केले. हे योग्य आहे का? (एक वाचक, इंदोरा)

उत्तर : नाही. आयोजकांनी कारण निराळे दिले असते, उदाहरणार्थ रचना अलीकडची आहे किंवा वाद्यमेळ नियमात बसत नाही, तर त्यावर वाद घालता आला असता. परंतु आशयात एका विचाराचा पुरस्कार आहे म्हणून गीत लोकसंगीताबाहेर काढायचे ठरवले, तर अभंग, भारूड, पोवाडा आणि खंजिरी भजन हे सगळेच बाहेर काढावे लागेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने व्यसनमुक्ती आणि ग्रामसफाई गावोगाव पोहोचवली. त्या भजनांच्या स्पर्धा विदर्भभर होतात आणि त्यांना कोणी प्रचार म्हणत नाही. ज्या श्रद्धेची आपल्याला सवय झालेली असते ती परंपरा वाटते आणि जिची सवय नसते ती प्रचार वाटते, एवढाच हा घोळ आहे.

दुसरे असे की, या गाण्यामागे ओळखता येणारी परंपरा आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा ढाचा घेऊन त्यातील गण-गवळणीचा आशय पालटला, त्याच वाटेवर १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धवंदना, कव्वालीचा बाज आणि लोकचालींचे ठेके यांच्या मिश्रणातून आजचे भीमगीत घडत गेले. पुढे कॅसेटच्या काळात ते घराघरांत गेले. यात चाल आहे, गायकी आहे, पिढीकडून पिढीकडे जाणारा संग्रह आहे. लोकसंगीताला आणखी काय लागते, ते त्या परीक्षकांनी सांगावे.

आयोजकांकडे नियमाची लेखी प्रत मागावी. बहुतेक वेळा असा नियम कागदावर नसतोच, आणि तो लिहून काढायची वेळ आली की आयोजक स्वतःच अडखळतात.

प्रश्न : हिवाळ्यातील एका हस्तकला मेळ्यातून मी गोंड चित्र घेतले. विकणारा कलावंत ‘परधान’ समाजाचा असल्याचे त्याच्याशी बोलताना समजले. माझा मित्र म्हणतो, मग ते खरे गोंड चित्र नाही. माझी फसवणूक झाली का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : मुळीच नाही. परधान हे परंपरेने गोंडांचे गाथागायक. बाना हे वाद्य वाजवत यजमानांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गाणे हा त्यांचा मान. आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून जगाला माहीत असलेली शैली ज्याच्या हातून आकाराला आली, तो पाटनगढचा जनगढ सिंह श्याम परधानच होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी गावोगाव कलावंतांचा शोध चालला होता, त्यात जनगढची भिंतीवरील चित्रे सापडली, आणि १९८९ मध्ये त्याचे काम पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात पोहोचले. गाथेतले देव त्याने कागदावर आणले आणि त्यांचे अंग ठिपक्यांनी, रेघांनी भरले. ते जसेच्या तसे एखाद्या जुन्या भिंतीवर सापडत नाही. ‘गोंड’ हे नाव बाजाराने दिले, कारण ग्राहकाला जमातीचे नाव लक्षात राहते आणि माणसाचे राहत नाही. हीच गोष्ट वारली चित्रांत वेगळ्या तऱ्हेने घडली: लग्नाचा चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम, पण २०११ ची पद्मश्री चौकाबाहेर, कागदावर चित्रे काढणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना मिळाली. त्यांची थोरवी त्याने उणावत नाही, मात्र चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे कोणत्या यादीत आहेत, हे शोधून पाहण्यासारखे आहे.

मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या शिक्क्याने प्रदेश आणि पद्धत कळते; चित्र चांगले आहे की नाही, हे कळत नाही. आपल्या चित्राच्या मागे कलावंताचे नाव, गाव, तारीख आणि चित्रातली कथा त्याच्याकडूनच लिहून घेतली नसेल, तर मेळ्यात मिळालेल्या पावतीवरील क्रमांकावर फोन करून ती आताही विचारून घेता येईल.